पावरी कोणाला येते का?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एका अंगणातली चार-पाच माणसं सोडून, आणि त्यांना सांगून अजून आठ दिवस झालेले नाहीत. ह्यांना, माझ्या नवऱ्याला, अजून माहीत नाही. मुलाला नाही. धाकट्या जावेला नाही, जिच्यापाशी मी एरवी पोटातलं सगळं ओतते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — नाही, तेही खरं कारण नव्हे. ते पुढे येईल. मला जरा वळसे घेतच यावं लागणार.

शहाद्यात आमचं कापडाचं दुकान आहे, आजेसासरे मारवाडातून आले तेव्हापासूनचं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, आणि शाळेत शिकलेली मराठी नुसती कागदावर. पण आमचं खरं गिऱ्हाईक यायचं सातपुड्यातून. धडगावकडचे पावरा लोक, बाजाराच्या दिवशी जीपगाड्या भरून. बायका घाघऱ्याचं कापड घ्यायच्या, ओढण्या घ्यायच्या. हे त्यांच्याशी हातवारे करून बोलायचे. मला ते आवडेना. मी एकेकीला विचारून शब्द जमवले — लालला काय म्हणता, उद्याला काय, सासूला काय. चुकले की त्या ओढणी तोंडाशी धरून हसायच्या. पाच-सहा वर्षांत मला पावरी अशी यायला लागली की नवीन बाई चमकून बघायची. ओळीत कापडाची बाकी दुकानं होती, पण वरची, डोंगरातली माणसं शोधत माझ्याकडे यायची. मला त्याचा ताठा होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे पळवाट राहायला नको. मला ती भाषा मोडकीतोडकी येत नव्हती. चांगली येत होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात ह्यांना ताप आला आणि पाचव्या दिवशी धाप लागायला लागली. खाजगीत कुठे जागा नव्हती. मुलगा तेव्हा सुरतेला, तो स्वतःच अंथरुणाला खिळलेला. मी ह्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथल्या माणसांचा यात काडीचा दोष नाही, आणि नाव घेतलं की लोक दोष त्यांच्याच गळ्यात बांधतात.

व्हरांड्यात दोन बाक, बाकी सगळे जमिनीवर. आत बेड रिकामा झाला की एक सिस्टर बाहेर यायची आणि वहीतलं पुढचं नाव वाचायची. नखशिखांत पांढरा पोशाख, दिसायचे ते फक्त डोळे. बेड कसा रिकामा होतो हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. व्हरांड्यात ऑक्सिजनचं एकच सिलेंडर होतं, ते आळीपाळीने. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या पुढची नावं कमी होत होत एकच उरलं.

ते नाव होतं रायलीबाई. पावरा म्हातारी, भिंतीला टेकून बसलेली, श्वास घेताना गळ्याचा खळगा आत आत जाणारी. सोबत नवरा, वेस्ता. तो पुठ्ठ्याने तिला वारा घालत होता. तिची ओढणी मी ओळखली — हिरव्यावर बारीक पिवळी बुट्टी, तो माल आमच्या बाजारात मी एकटीनेच आणला होता. म्हणजे ही बाई कधीतरी माझ्या गादीवर बसून गेली होती. सकाळी ऊन आमच्या अंगावर आलं तेव्हा वेस्तानेच आपलं गाठोडं सरकवून ह्यांना सावलीत जागा करून दिली. काही बोलला नाही. मीही बोलले नाही. दोन दिवस मी त्यांच्या शेजारी होते आणि एक शब्द बोलले नाही — जी मी दुकानात अशा बाईला आधी पाणी विचारते, मग कापड. का? तोंडाला मास्क होता, डोक्यावरून पदर होता, मला कोणी ओळखणार नव्हतं. बोलले असते तर ती माणसं माझी झाली असती. मला ती माझी व्हायला नको होती.

ऐकत मात्र होते सगळं. त्यांचा मुलगा गुजरातेत कामाला गेलेला. गावच्या जीपवाल्याने आणून सोडलं होतं, आणि आज दुपारी तो परत वर जाणार होता. आत गेलेलं माणूस परत येत नाही, असं तेव्हा वर पाड्यापाड्यांत बोललं जात होतं. रायलीबाई दर थोड्या वेळाने म्हणायची, घरी चल. आणि वेस्ता म्हणायचा, थांब, डॉक्टर बघेल.

चारच्या सुमारास जीप आली. ड्रायव्हर भीतीने फाटकाच्या आत यायला तयार नव्हता, बाहेरून नुसता हॉर्न वाजवत होता. नेमकी तेव्हाच सिस्टर बाहेर आली. वेस्ताला म्हणाली, "आजोबा, संध्याकाळपर्यंत तुमचा बेड होतोय. आता कुठं जायचं नाही. इथंच थांबा." म्हणताना तिने फाटकाकडे बोट केलं आणि हात हलवला — जायचं नाही, अशा अर्थाने. त्याने बोट पाहिलं, फाटक पाहिलं, हात पाहिला. त्याला उलटंच कळलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. सिस्टरलाही दिसलं. ती बाकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "पावरी कोणाला येते का इथं?"

झाडलोट करणारी मावशी पुढे आली. "कोनले तरी येत व्हई ना? या बाबाले सांगा, आठेच बठ, घर नको जाऊ." माझ्या शेजारी रनाळ्याचा एक शेतकरी होता, भावाला घेऊन आलेला. तो खरंच कळवळून म्हणाला, "आमले नही येत, माय."

मी फरशीकडे बघत होते.

सिस्टरने पुन्हा विचारलं. मग आतून कोणीतरी ओरडून हाक मारली आणि ती पळाली.

इथपर्यंतची गोष्ट मी स्वतःला पुष्कळदा सांगितलेली आहे. घाबरले होते, असं. उठले असते तर मला दुभाषी करून आत-बाहेर फिरवलं असतं, संसर्ग झाला असता, मग ह्यांच्याकडे कोणी पाहिलं असतं — हे सगळं खरंही आहे. तेव्हा सगळेच भ्यालेले होते. भीतीला कोण काय म्हणणार? पण भीती दुसऱ्या जागी होती. त्या वहीत रायलीबाईच्या खाली ह्यांचं नाव होतं. सिस्टरने एका बेडचं सांगितलं होतं. ह्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. मी गप्प बसले ती हिशोब करून बसले.

आणि तेवढंच असतं तरी —

मी नुसती गप्प बसले नाही. वेस्ता आमच्या बाकाकडे वळला. एकेकाच्या तोंडाकडे बघत, आपल्या भाषेत, कोणाला कळेल अशी आशा नसताना विचारावं तसं त्याने विचारलं, "जा म्हणतेय ना ती?" रनाळ्याच्या माणसाने हात जोडले, कळत नाही म्हणून. मग वेस्ताने माझ्याकडे पाहिलं. मला एकेक शब्द कळला होता. त्याने पुन्हा विचारलं, "जा म्हणतेय?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्याने बायकोला खांद्याशी धरून उठवलं. गाठोडं काखेत घेतलं. ती दोन ठिकाणी थांबली, एकदा खांबापाशी, एकदा पायरीवर. मग जीप निघाल्याचा आवाज आला.

पावणेसहाला सिस्टर आली आणि तिने रायलीबाईचं नाव घेतलं. तीनदा घेतलं. "गेले? मी थांबायला सांगितलं होतं ना त्यांना?" तिचा आवाज रडवेला झाला होता. "कोणी पाहिलं का?" या वेळी मात्र मला वाचा फुटली. मी म्हणाले, "गाडी आली होती. गेले ते." तिने वहीत रेघ ओढली आणि ह्यांचं नाव वाचलं.

हे सोळाव्या दिवशी चालत घरी आले. आज दुकानात बसतात, दोन्ही वेळा जेवतात, नातीला शाळेत सोडतात. येईल त्याला सांगतात, "ही दोन दिवस बाकावरून हलली नाही, म्हणून मी आज आहे." लोक माझ्याकडे आदराने बघतात. मी चहा ठेवायला आत जाते.

बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा मी वरच्या बायकांना आडून आडून विचारलं. गावाचं नाव सिस्टर वाचताना ऐकलं होतं. त्या गावची सुरती नावाची बाई माझं जुनं गिऱ्हाईक. ओढण्या उलगडून बघता बघता तिने सांगितलं — रायली ना? ती गेली. दवाखान्यातून हाकललं तिला, तिसऱ्या दिवशी गेली. मग म्हणाली, ही नको, दुसरा रंग दाखव. मी दुसरा रंग दाखवला.

आम्ही जैन. दर वर्षी पर्युषण संपलं की घरोघरी, फोनवर, सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा. चार वर्षं मी ते म्हटलं. व्याह्यांना म्हटलं, शेजारणीला म्हटलं, जिच्याशी बोलणं तुटलं होतं त्या नणंदेला म्हटलं. जिथे म्हणायचं होतं तिथे जीप करून दोन-अडीच तासांत पोचता येतं. गेले नाही.

अशीच मेले असते बहुतेक, न जाता. पण पंधरा दिवसांपूर्वी सुरती आली, सुनेसाठी मऊ कापड मागायला. सुनेला दिवस गेलेत, शेवटचा महिना, पाय सुजलेत, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी म्हटलं, अगं, मग दवाखान्यात ने. ती म्हणाली, आमच्या पाड्यातलं कोणी तिथे जात नाही. रायलीला हाकललं ना त्यांनी. दोन दिवस बसवून हाकललं.

माझ्या हातात मीटरपट्टी होती. ती मी खाली ठेवली. एवढी वर्षं मला वाटत होतं, माझी चूक माझ्या पोटात आहे, तिथेच राहील. ती तर वर पाड्यात हिंडत होती. सिस्टरच्या नावावर हिंडत होती.

गेल्या सोमवारी मी ह्यांना म्हटलं, उधारीच्या नव्हे, माणसांच्या कामाने वर जाऊन येते. सुरतीला फाट्यावर बोलावलं होतं. वेस्ता अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता. फार वाकलाय. त्याने मला ओळखलं नाही, ओळखणार कसा? शेजारच्या तीन-चार बायका जमल्या. मला वाटत होतं, आधी बसावं, पाणी प्यावं, मग बोलावं. नाही बसले. पाणी प्यायले असते तर बोलले नसते. उभ्यानेच सांगितलं, त्यांच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या दिवशी बाकावर मी होते. सिस्टरने जा म्हटलं नव्हतं. थांबा म्हटलं होतं, संध्याकाळी जागा मिळेल म्हटलं होतं. मला कळलं होतं. तू मला विचारलंस आणि मी खोटी मान हलवली.

वेस्ताने हातातलं कणीस सोलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मग आम्ही बसलो असतो." आणि थोड्या वेळाने, "दोन दिवस बसलोच होतो की."

त्याने मान वर केली.

"ती जागा कोणाला मिळाली?"

"माझ्या नवऱ्याला."

"आहे?"

"आहे."

त्याने दुसरं कणीस उचललं. कोणी मला शिवी दिली नाही, कोणी बस म्हटलं नाही. परतीच्या जीपमध्ये सुरती फाट्यापर्यंत आली, पण पुढे ड्रायव्हरपाशी बसली, माझ्याजवळ नाही. ती उतरताना मी तिला म्हटलं, सुनेला ने. ती पाड्याच्या वाटेला लागली. नेलं की नाही, अजून कळलेलं नाही. कालच्या बाजाराला ती आली नाही. तिच्या गावचं कोणीच आलं नाही.

हे लिहून काढते आहे ते मन हलकं करायला नव्हे. तिथे चार बायकांनी ऐकलं, ते पुरेसं नाही. जितक्या लोकांनी हाकलल्याची गोष्ट ऐकली, तितक्यांच्या कानावर ही जायला हवी — सिस्टरने हाकललं नव्हतं, मी हाकललं होतं. म्हणून हे लिहिलं, आणि जिथे जिथे वाचून दाखवता येईल तिथे मी स्वतः वाचून दाखवणार आहे, पावरीत सुद्धा. दुकानाचं काय व्हायचं ते होईल.

पण पहिल्यांदा ह्यांना. ते आत्ता जेवायला बसलेत, ताटात दोन फुलके उरलेत. उठून हात धुतील, मग नेहमीप्रमाणे खिडकीपाशी बसतील. तेव्हा हे कागद त्यांच्या हातात देणार आहे, आणि वाचून होईपर्यंत समोर बसणार आहे.