पडदा पाडायचं वाक्य

समोरच्याचं बोलणं अडलं की माझी जीभ वळवळते. नवऱ्याचा किस्सा मीच संपवते, मुलीच्या तोंडचा शब्दही काढून घेते. "आई, स्टॉप इट! मी सांगतेय ना!" ती ओरडते. पुण्यात हौशी नाटकांना दहा वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली, त्याचा हा परिणाम. आमच्या नटमंडळींची पाठांतराच्या नावाने बोंब, त्यामुळे माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा. मला त्याचा अभिमानच होता.

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात दर फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, गावाच्या स्थापनेचं नाटक होतं. मुलगी त्यात एकदा झाड झाली, आणि मी पुस्तक धरून विंगेत बसायला लागले ती कायमचीच. शेवटचं वाक्य मला झोपेतही पाठ: "मग ते लोक आपणहून पश्चिमेला निघून गेले, आणि ही भूमी आपल्याला मिळाली." त्यावर पडदा, मग टाळ्या. ते लोक म्हणजे निपमक, इथले मूळ रहिवासी. ते खरंच गेले का, हे मी कधी विचारलं नाही. माझं पुस्तक बरोबर चाललं म्हणजे झालं.

मागच्या वर्षी एक निपमक आजी नाटकाच्या समितीपुढे येऊन बसली. निघून वगैरे कुणी गेलं नव्हतं. ती गाडीने वीस मिनिटांवर राहत होती. बऱ्याच वादावादीनंतर तिला शेवटची दहा मिनिटं मिळाली, आणि ते वाक्य गाळायचं ठरलं. मीच त्यावर पेन्सिलीने काट मारली. आपलं बोलणं लिहून द्यायला मात्र तिने साफ नकार दिला. "मी हात वर केला की पडदा पाडा," एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी हॉल भरला. तिने सांगितलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रज वसाहतवाल्यांनी तिच्या माणसांना होड्यांत घालून बॉस्टनसमोरच्या बेटावर नेऊन सोडलं. हिवाळा होता. अन्न नव्हतं, जाळायला लाकूड नव्हतं. माणसं भुकेने आणि थंडीने मेली. मग ती घराण्यात जपलेली नावं घेऊ लागली, त्या बेटावरच्यांपासून पुढच्या पिढ्यांपर्यंत. चार नावं झाली आणि ती थांबली.

मी मनात दहा आकडे मोजले, वीस मोजले. अडली बिचारी, असं वाटलं. पुढचं नाव मला कुठून माहीत असणार? तरी तोंड उघडलंच. "मग ते लोक आपणहून पश्चिमेला निघून गेले..." चांगलं तिसऱ्या रांगेपर्यंत.

पडद्याच्या दोरीवर एक निवृत्त पोस्टमन होते. इतकी वर्षं याच वाक्यावर त्यांनी दोरी ओढली होती, तशी आजही ओढली. पडदा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी धावत तिच्यापाशी गेले. रडू आवरत नव्हतं, धड इंग्रजीही सुचत नव्हतं. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"ज्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी थांबले होते," ती म्हणाली. "त्यांच्यानंतर माझ्या आईचं नाव होतं."

"पडदा वर करायला सांगू?"

पलीकडे खुर्च्या सरकत होत्या, लोक कोट घालत होते. तिने नको म्हटलं आणि शालीची घडी घालू लागली.

"आठ वर्षांची असताना मला याच स्टेजवर ते वाक्य म्हणायला उभं केलं होतं," ती म्हणाली. "मी गप्प उभी राहिले. तेव्हाही विंगेतून कुणीतरी असंच सांगितलं होतं."