दाजींनी तोलून पाहिलेला प्रोफायलर

आमच्या साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात मोटरपंपाच्या स्टार्टरचे बोर्ड बनतात. बोर्डावर बारीक भाग बसवायचे, साखळीवर ठेवायचे आणि लांबलचक भट्टीतून पलीकडे काढायचे. आत सोल्डर वितळतं आणि टाके पक्के होतात. निदान मालक तसं म्हणत. त्या वर्षी वडूज, रहिमतपूर, सगळीकडून बोर्ड परत येऊ लागले होते. टाका दिसायला बरा, पण नखानं ढकललं तर भाग निसटायचा.

मालकांनी निदान जागेवरच केलं. भट्टीवरची बाई लक्ष देत नाही. ती बाई कित्येक वर्षं त्या भट्टीशेजारी घाम गाळत होती, आणि भट्टीवरच्या कामाचा जो काही जास्तीचा मान होता तो तिनं स्वतः मिळवलेला होता. तिथली इंजिनियर मी. माझं म्हणणं होतं की भट्टीच मधे कुठंतरी गार पडतेय. तेव्हा मालक मोठ्या मनानं म्हणाले, "यंत्र आणू. भट्टी बरोबर निघाली तर बाईला तिथनं हलवायचं."

यंत्र म्हणजे प्रोफायलर. ही एक डबी असते. तिच्या बारीक तारा बोर्डाला चिकटवायच्या आणि डबी बोर्डाच्या मागोमाग भट्टीतून पाठवायची. कुठं किती तापलं ते ती टिपून ठेवते. मी दोन विक्रेते बोलावले. एकाची डबी कंपासपेटीसारखी चपटी, दुसऱ्याची जेवणाच्या डब्यासारखी गलेलठ्ठ. भट्टीचं तोंड बुटकं. त्यातून चपटीच जाणार हे पट्टी लावून पाहिल्यावर कुणालाही कळलं असतं. मी मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "दाजींना येऊ द्या."

दाजी म्हणजे त्यांच्या बहिणीचे यजमान, सांगलीचे हळदीचे व्यापारी. त्यांचा हात लागल्याशिवाय त्या घरात गाडी येत नाही, बोअर पडत नाही, जावईही येत नाही. हळकुंड हातात जड लागलं की माल पक्का, या एका विद्येवर दाजी सगळं जग पारखतात. हळदीत त्यांना कुणी फसवू शकत नाही, हे मी मान्य करते. पण माझ्या टेबलावर हळद नव्हती.

त्यांनी चपटी डबी तळहातावर उडवली. "लय हलकं हाय. आत काय हाय का न्हाई?" मग दुसरी उचलली आणि चेहरा उजळला. "ह्यो माल!"

मी म्हटलं, "दाजी, ही भट्टीत जाणारच नाही."

"आवं मॅडम, जरा मोठंच घ्यावं. फुडं भट्टी बी मोठी हुईल."

पोराला वाढत्या अंगाचा शर्ट घेतात, तसं यंत्र घेतलं गेलं. जाड डबीच्या विक्रेत्यानं तर दाजींच्या पारखेला हात जोडले. खंडेनवमीला मालकांनी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग हार काढून तिला साखळीवर ठेवलं आणि ती भट्टीच्या तोंडाशी अडकली. साखळी कुरकुरली, मी लाल बटण दाबलं. दाजी शांत होते. "डबा भाईर ठेवा. तारा जाऊ द्या की आत."

तारा पोचतील तितक्या आत गेल्या. म्हणजे दारातून डोकावून आल्या. पडद्यावरची तापमानाची रेघ वर चढली आणि तिथंच संपली. मालक खूश. "चढतीय की! भट्टी झकास हाय." मला हसू आलं नाही. मला त्या दोघांचा मनापासून राग आला.

चपट्या डबीचा विक्रेता भला माणूस. त्यानं ती एका दिवसापुरती वापरायला दिली. ती भट्टीत पूर्ण फिरून आली. मधोमध रेघ सपशेल खाली पडली होती. तिथला हीटर मेलेला. मी कागद मालकांपुढं ठेवला.

"आपल्या यंत्रानं असं कवा दाखवलं न्हाई."

"ते तिथपर्यंत गेलंच नाही."

"घरचं यंत्र सोडून उसन्यावर कोण इस्वास ठेवतं, मॅडम?" असं म्हणून त्यांनी सांगलीला फोन लावला. दाजींनी फोनवरूनच भट्टी निर्दोष सोडली.

बाईला पॅकिंगला पाठवलं. तिच्या जागी दाजींचा चुलतभाऊ आला, चांगला चाळिशीतला. हीटर मेलेलाच, त्यामुळे त्याचेही बोर्ड परत येऊ लागले. शेवटी परत आलेल्या बोर्डांची पेटी मी मालकांना पॅकिंगच्या टेबलावर उघडून दाखवली. त्यांनी एक बोर्ड उचलला, नखानं टाका ढकलला आणि समजूतदारपणे म्हणाले, "नवीन माणूस हाय. हात बसायला येळ लागतो."

बाई तिथंच खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मालक गेल्यावर ती म्हणाली, "ताई, माझा हात बसला व्हता. त्योच त्यांनी उठवला."