हसनाबादच्या स्टँडवरचा मुक्ताचा माठ

भर मे महिन्यात कुणी जालना जिल्ह्यात फिरायला जातं का, असं मला आजवर कितीतरी जणांनी विचारलंय. शहाणी माणसं महाबळेश्वर गाठतात. आम्ही २००५ च्या उन्हाळ्यात दोन परदेशी मुली बरोबर घेऊन जुना जालना, राजूर, हसनाबाद आणि जाफराबाद असा दौरा काढला. तो मला अजून पुरतोय. तुमच्या घरी अशा पाहुण्या मुली येणार असतील, किंवा तुमचीच लेक कुणाकडे पाहुणी म्हणून जाणार असेल, तर हे तुमच्यासाठी.

आधी घरची माहिती. आम्ही जालन्यातच राहतो. एका क्लबतर्फे शाळकरी मुलांची वर्षभराची अदलाबदल चालते. आमची मुक्ता सतराव्या वर्षी त्यातून बेल्जियमला गेली आणि त्या बदल्यात परदेशातल्या दोन मुली त्यांच्या वर्षाचे शेवटचे तीन महिने आमच्याकडे राहायला आल्या. जुलिया ब्राझीलची, काइसा फिनलंडची. दोघी मुक्ताच्या खोलीत झोपायच्या. मोडकंतोडकं मराठी आधीच्या घरांत शिकून आल्या होत्या. जुलिया दिवसभर बडबडायची आणि काइसा नुसती बघायची. बघणाऱ्या माणसांची मला जरा भीतीच वाटते.

मुक्ता जुलैत परत येणार म्हणून मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते. एप्रिल संपता संपता तिची मेल आली. "आई, मला पुढचं शिक्षण इथेच घ्यायचंय. तीन वर्षं. मेअखेर कॉलेजला कळवायचंय. बाबा म्हणाले, आईला विचार. तू हो म्हणशील ना?" बाबांनी हात झटकले होते, हे ओघाने आलंच. मी रोज संध्याकाळी कचेरी सुटली की सायबर कॅफेत जायचे, 'प्रिय मुक्ता' एवढं टाइप करायचे आणि उठायचे. काइसा शेजारच्या खुर्चीत बसून आपल्या आईला लांबलचक मेल लिहायची. माझा पडदा कोराच राहतो, हे तिने पाहिलं होतं.

"घरात बसून त्या मेलकडे किती दिवस बघत बसणार? आखिती आलीय, गावाकडे जाऊ. पोरींचंही फिरणं होईल," नवरा म्हणाला. आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. हसनाबादला त्याचे थोरले भाऊ आणि माझ्या थोरल्या जाऊबाई असतात. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. मी चार दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस जुन्या जालन्यात खरेदीचा. एक सल्ला: सकाळी नऊच्या आत जा. नंतर त्या गल्ल्यांमध्ये रिक्षा, मोटारसायकली आणि धान्याची पोती उतरवणारे हमाल यांच्यातून वाट काढणं आपल्या बसकी बात नाही. कापडाच्या दुकानात जुलियाने बांधणीच्या ओढण्यांचा ढीग करायला लावला. दुकानदार हौशी होता.

"ताई, ह्या तुमच्या कोण?"

"मुली आहेत," मी म्हणाले.

त्याने दोघींच्या सोनेरी-तपकिरी डोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बराबर, बराबर," म्हणाला आणि ओढणीमागे दहा रुपये कमी केले.

कोपऱ्यावर सणासाठी लाल मातीचे माठ आणि घागरी मांडल्या होत्या. काइसाने एक छोटा माठ उचलला, कानाशी धरून टिचकी मारून पाहिली आणि स्वतःच्या पैशांनी घेतला. "माझ्या आईला," म्हणाली. विमानात फुटेल, काखेत घालून नेशील का, अशी आम्ही तिची भरपूर थट्टा केली. तिने माठ ओढणीत गुंडाळला आणि त्यानंतर कुणाच्या हाती दिला नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. जालन्याहून राजूरपर्यंत एसटी मिळते, रस्ता ठीक. राजूरच्या गणपतीचं दर्शन घेतलं, पायऱ्या तापायच्या आत उतरलो. खाली गरम भजी आणि गोड चहा मिळतो, दोन्ही घ्या. पुढे हसनाबादला काळीपिवळी जीप. नऊ जणांच्या जागेत आम्ही पंधरा होतो.

"बसा जल्दी, अजून तिघं बसतेत," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं बसतेत, तुझ्या डोक्यावर?" मागून एक म्हातारबाबा ओरडले.

काइसा मांडीवर माठ घेऊन अवघडून बसली होती. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं होती आणि बांधावर एखाददुसरा कडुलिंब. ऐन दुपारी त्या उजेडाकडे बघवत नाही. मुक्ता लहानपणी याच रस्त्यावर माझ्या मांडीवर झोपायची आणि नेमकी हसनाबादचा स्टँड आला की जागी व्हायची. मला तिची इतकी आठवण आली की मी खिडकीकडे तोंड करून बसले.

आक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दोघींना घरात घेतलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. जुलियाने ठेचा चमच्याने खाल्ला आणि पुढचा अर्धा तास ती कुणाशीच बोलली नाही. एवढी शांतता आम्ही दीड महिन्यात अनुभवली नव्हती. आतल्या खोलीत गवतात आंबे पिकत घातले होते. घरभर वास. पण आमच्याकडे आखितीला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा कुणी तोंडाला लावत नाही.

"एक बी न्हाई?" जुलियाने हसनाबादचं मराठी तासाभरात उचललं होतं.

"बिलकुल न्हाई," आक्का म्हणाल्या. "उद्या खा, पोट फुटस्तोवर खा."

आखितीची सकाळ. देवघरापुढे गव्हाच्या राशींवर पाण्याने भरलेल्या घागरी मांडायच्या, वर आंबा ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची. सासऱ्यांची घागर, सासूबाईंची, मधल्या दिरांची. थोरले भाऊजी नावं घेत होते, आक्का पाणी सोडत होत्या. मी चुलीपाशी पुरण वाटत होते. मुलींना समजावून सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्या डोक्यात एका मेलपलीकडे काही शिरतच नव्हतं. काइसा दाराशी बसून बघत होती.

मी नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आले तर तीन घागरींच्या ओळीत चौथा माठ. जुन्या जालन्याचा, छोटा, लाल. काठोकाठ भरलेला, खाली मूठभर गहू, वर आंबा. काइसा हात जोडून उभी होती. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मुक्ता."

माझ्या हातातलं ताट कलंडलं. आमटी जमिनीवर गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "काढ तो आधी! माझी पोर जिवंत आहे!" एवढं मात्र सगळ्या गल्लीने ऐकलं. काइसाचा चेहरा पांढराफटक पडला. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिने आपलं पाहिलं, की घरात जे नाहीत त्यांच्या नावाने पाणी भरतात, आणि तिला वाटलं, या घरात सगळ्यात जास्त जी नाहीये तिचं नाव राहिलं. त्यासाठी तिने आईचा माठ दिला होता. पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला वाटलं, झालं, अपशकुन झाला, आता माझी मुक्ता परत येत नाही.

आक्का उठल्या. त्यांनी चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि माठ उचलला.

"रडून काय राह्यली, सुनंदे? पाणी भरलंय ना पोरीनं? मंग भरलेलं पाणी फेकायचं न्हाई. आखितीला वाटसराला पाणी पाजतेत. जित्या माणसाच्या नावानं पाजलं तर त्याला आवुक्ष लागतं."

असं खरंच कुठल्या शास्त्रात आहे की आक्कांनी तिथल्या तिथे रचलं, मला माहीत नाही. मी आजवर विचारलेलं नाही. आक्का पुढे, मागे काइसा, तिच्यामागे जुलिया आणि सगळ्यात शेवटी डोळे पुसत मी, अशी आमची वरात एसटी स्टँडकडे निघाली. लिंबाच्या बुडाशी तीन दगडांवर माठ ठेवला, वर ताटली, ताटलीवर पेला. पाचच मिनिटांत भोकरदनकडची गाडी आली. उतरलेल्या एका बाईने आधी लेकराला पाजलं, मग स्वतः प्यायली आणि उरलेला घोट लेकराच्या डोक्यावर शिंपडला. नाव गाव काही विचारलं नाही. दोन पेले झाले की आक्का घरून कळशी आणून माठ भरत होत्या. त्या दुपारी आम्ही आमरस ओरपला. जुलियाने सात वाट्या मोजून दाखवल्या.

चौथ्या दिवशी जाफराबाद. हसनाबादहून भोकरदनला जीप, तिथून एसटी. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. गाव लहान, पण उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजांच्या वाड्या लावतात, त्यासाठी जा. टोपी विसरू नका. वाडीवाल्याने पाच-सहा रुपयांना एक याप्रमाणे टरबुजं फोडून दिली, वाळूत बसून खाल्ली. जुलिया आणि नवरा बिया लांब उडवायची पैज लावून बसले.

काइसा माझ्या शेजारी येऊन बसली. "सॉरी," म्हणाली. मीही म्हणाले. मग मी विचारलं, "तुझी आई काय करते गं, तू नसताना?"

"पेपरात जालन्याचं ऊन बघते," ती म्हणाली. "जालना नाही पेपरात. मग मुंबईचं बघते. मला लिहिते, टोपी घाल."

मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. टोपी होती. सकाळी मीच घातली होती, ओरडून. त्या बाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी गेले नऊ महिने टीव्हीवर युरोपचं थंडीवाऱ्याचं बघून जिवाला घोर लावून घेत होते, तर तिकडे मुक्तालाही कुणीतरी ओरडून मफलर बांधायला लावत असेल. मला त्या बेल्जियमच्या बाईचा हेवा वाटला, फार वाटला. आणि तिचे पाय धरावेसेही वाटले. हे दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे मला त्या वाळूत बसल्यावर कळलं.

जालन्याला परतलो त्या संध्याकाळी कॅफेत गेले. आधी काइसाच्या आईला दोन ओळी लिहिल्या: टोपी घालते, काळजी करू नका. मग मुक्ताला लिहिलं: "राहा. नीट शीक. इथे तुझ्या नावाचा माठ भरलाय." तिला काहीच कळलं नाही. तिने उत्तरात उद्गारचिन्हंच पाठवली.

जूनमध्ये दोघी मुली गेल्या. काइसासाठी मी दुसरा माठ आणला. तो विमानात फुटला नाही, तिच्या आईने फोटो पाठवला. त्यात तिने कसल्याशा पिवळ्या फुलांची जुडी ठेवलीय. मुक्ता तीन वर्षांत एकदाच आली, डिसेंबरात, वीस दिवसांसाठी. शिक्षण यंदा संपलं आणि तिला तिकडेच नोकरी लागली. या वेळी तिने मला विचारलं नाही, कळवलं. मी चांगलं झालं म्हणाले. चांगलंच झालंय. पण कॅलेंडरवर फुल्या मारायची सवय काही जात नाही, आणि आता फुल्या कुठवर मारायच्या हे माहीत नाही.

पहिला माठ त्याच पावसाळ्यात गेला. आक्का दरवर्षी आखितीला नवा ठेवतात, मृगापर्यंत भरतात. उन्हाळ्यात त्या बाजूला गेलात तर हसनाबादच्या स्टँडवर लिंबाखाली थांबा. पाणी गार असतं, पेला साखळीला बांधलेला आहे.

परवा आक्कांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "आज एक पोरगी पाणी पिऊन गेली. पाठीला पिशवी, केस तश्शेच. पाठमोरी बिलकुल आपली मुक्ता. हाक मारता मारता ऱ्हायले बघ."

"मग मारायची की हाक, आक्का," मी म्हणाले.

"मारली असती," आक्का म्हणाल्या, "तर तिनं मागं वळून पाह्यलं असतं ना."