डॉक्टर व्हायचं म्हणून इंजिनिअर झालेली

मेडिकलला जागा मिळत असताना ‘आधी इंजिनिअरिंग करून येते’ असं शांतपणे सांगणारी एकच व्यक्ती आमच्या अख्ख्या मुलुंडमध्ये जन्माला आली, आणि ती माझ्या वाट्याला मामेबहीण म्हणून आली. मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर, आमचं त्याच इमारतीत पहिल्या. आम्ही दोघी एकाच वयाच्या, एकाच वर्गातल्या. फरक एवढाच, की पुस्तकात छापलंय ते मी पाठ करायचे आणि ती ते खरं आहे का ते बघायला उठायची. डॉक्टर व्हायचं तिने सातवीतच ठरवलं होतं. मामा कुर्ल्याच्या एका गिरणीत सूतखात्यात होता आणि कापसाच्या धुळीने बारा महिने खोकायचा. ‘बाबांचा खोकला मी घालवणार’ हे ती, संध्याकाळी दळण आणणार म्हणावं इतक्या सहज सांगायची.

बारावीला तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं. मार्क मेडिकलला आरामात पुरतील एवढे पडले. मामीने इमारतभर पेढे वाटले. आणि पेढ्याची चव तोंडात असतानाच ही बया मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून आली.

मामीला आधी वाटलं, फॉर्म चुकला. “अगं, तुला डॉक्टर व्हायचं होतं ना?”

“व्हायचंय की. म्हणून तर.”

“म्हणून तर काय?”

“हृदय म्हणजे पंप, असं पुस्तकात लिहिलंय. पण पंप म्हणजे काय, ते त्या पुस्तकाला तरी माहितीये का? आधी पंप शिकते, मग हृदयाकडे येते.”

त्या आठवड्यात नातेवाइकांची रीघ लागली. गोरेगावचे एक काका डोक्याला हात लावून म्हणाले, “वाट लागली पोरीची!” मामा कोपऱ्यात खोकत बसला होता. सगळे बोलून दमल्यावर तो मालवणीत एवढंच म्हणाला, “माका ह्यातला काय एक कळना नाय. पण तुका कळता मां? मगे जा.”

ती गेली. वर्गात साठ मुलगे आणि ही एकटी. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी बाथरूम नव्हतं. दर खेपेला अर्धं आवार ओलांडून ऑफिसच्या इमारतीत जावं लागायचं. ती तक्रार करायची नाही, पण किती पावलं पडतात ते मोजून तिने प्राचार्यांना सुबक नकाशा काढून दिला. दुसऱ्या वर्षी बाथरूम झालं. लोखंडावर कानस घासून तिच्या तळहातांना घट्टे पडले, ते ती आम्हाला नव्या बांगड्या दाखवाव्यात तसे दाखवायची.

यंत्र आणि माणूस यांत ती फारसा भेदभाव करत नसे. माझ्या आईच्या गुडघ्यांना ती ‘ग्रीस संपलेले सांधे’ म्हणायची आणि इमारतीच्या पाण्याच्या पंपाला ‘दम लागलाय बिचाऱ्याला’. एकदा तिने स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि सेक्रेटरींना सांगितलं, “आतलं बेअरिंग गेलंय. दोन दिवसांत बसणार हा.” सेक्रेटरी हसले. तिसऱ्या दिवशी पंप बसला आणि सगळी इमारत बादल्या घेऊन शेजारच्या विहिरीवर. सेक्रेटरींना मात्र शेवटपर्यंत संशय होता, की तो हिनेच बिघडवला.

कांदिवलीचं एक स्थळ तिला बघायला आलं तेव्हा मी तिथेच होते. मुलगा बरा होता. मामीने पोहे दिले. मुलाच्या आईने विचारलं, “तुला काही विचारायचंय का गं याला?” हिने मुलाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही तोंडाने श्वास घेता. नाकाचं हाड वाकडं आहे का हो?” पोहे तसेच राहिले. नकार आला. पण तीन महिन्यांनी त्याच मुलाकडून नाकाचं ऑपरेशन झाल्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा झोप काय असते ते कळलं.

ती तिसऱ्या वर्षाला असताना गिरण्यांचा संप झाला आणि मामा घरी बसला तो बसलाच. तिचा धाकटा भाऊ अजून शाळेत होता. पदवी हातात पडताच तिने भांडुपच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तीन वर्षं ते घर तिने एकटीने चालवलं. मी तोवर बँकेत चिकटले होते. मेडिकलचा विषय सगळे विसरले. खरं सांगायचं तर मीही. भाऊ कमवायला लागला त्या महिन्यात तिने राजीनामा दिला.

प्रवेशाच्या चौकशीला मी तिच्याबरोबर गेले होते. खिडकीतल्या कारकुनाने तिची कागदपत्रं दोनदा उलटून पाहिली. “बाई, लोक मेडिकल मिळालं नाही म्हणून इंजिनिअर होतात. तुम्ही उलट्या कशा?”

“मी सुलटीच आहे हो. काय करावं लागेल ते सांगा ना.”

“ते जुने मार्क नाही चालायचे. बारावी पुन्हा द्या.”

मला रडू आलं. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, “फॉर्म याच खिडकीत मिळेल का?”

आणि चोविसाव्या वर्षी ती घाटकोपरच्या एका कॉलेजात, दोन वेण्या घातलेल्या मुलींच्या शेजारी बाकावर बसली. जीवशास्त्राच्या बाई तिच्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. हिला तू म्हणावं की तुम्ही, हे त्यांना वर्षभर ठरवता आलं नाही. चाचणीत हिने हृदयाची आकृती काढली ती समोरून, वरून, बाजूने आणि मधोमध कापून, सगळी मापं मिलिमीटरमध्ये टाकून. बाई म्हणाल्या, “आकृती झकास आहे, पण... मापं कशाला?”

“मापं नसतील तर बनवणार कसं, बाई?”

बाईंनी पूर्ण मार्क दिले आणि तो कागद स्वतःकडे ठेवून घेतला. मेडिकलची यादी लागली त्यात तिचं नाव होतं. या वेळी पेढे मामाने स्वतः वाटले, दर मजल्यावर दम खायला थांबत.

ती चौथ्या वर्षाला असताना मामा गेला. त्याची छाती तोवर पार निकामी झाली होती. दिवस झाल्यावर दुपारी पाहुणे पांगले आणि आम्ही दोघी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो. त्यात मामाचे दोन सदरे होते. ते तिने दोरीवरून ओढून खांद्यावर टाकले.

“सरळ मेडिकलला गेले असते तर केव्हाच डॉक्टर झाले असते गं मी.”

“असतीस,” मी म्हटलं. “पण संपानंतर घर कोणी चालवलं असतं? आणि तो आजार डॉक्टरांकडूनही बरा होत नाही, हे तूच सांगितलंस ना मला?”

“माहितीये.” ती सदऱ्याची घडी घालायला लागली. “तरी.”

प्रत्येक गोष्टीचं कारण आकृती काढून समजावणाऱ्या माझ्या बहिणीकडे त्या दुपारी तेवढा एकच शब्द होता. आज तिच्या भांडुपच्या दवाखान्यात बाकं पुरत नाहीत, आणि छातीचा पेशंट असेल तर ती घड्याळ बघत नाही. तिचं मोठं कौतुक होतं, मीही करते. पण त्या ‘तरी’च्या पुढचं वाक्य तिने कधी सांगितलं नाही, आणि मला ते विचारवलं नाही.