मावसाजींचे हात

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे आमच्या मावशीचे यजमान. अनसिंगच्या शाळेत पी.टी. शिकवता शिकवता त्यांना बेसबॉलच्या अंपायरिंगचं वेड लागलं, आणि ते मैदानावर ठेवून घरी येणं काही त्यांना जमलं नाही. मावशीची भाकरी टम्म फुगली की मावसाजींचे दोन्ही हात आडवे पसरायचे: सेफ! करपली की मूठ वर: आऊट! एका लग्नात नवरदेवाने टाकलेला हार नवरीच्या कानातल्यात अडकला, तर हे भर मांडवात दोन्ही हात वर करून ओरडले, "फाऊल! पुन्हा टाक!" मावशीने कपाळाला हात लावला. "आवं, हात खाली घ्या ना, लोकं पाहून राह्यले!"

पण होम प्लेटचा विषय निघाला की ते गंभीर व्हायचे. धावणाऱ्याचा पाय त्या पांढऱ्या पाटीला लागला की रन. त्याआधी कॅचरने त्याला चेंडू लावला की आऊट. हे मला जेवताना ताटाभोवती वाटी फिरवून शिकवलेलं. "अन् पाय बी नाही लागला, चेंडू बी नाही लागला, तं अंपायरनं हात हालवाचा नाही. चूप उभं राहाचं. खेळ संपलाच नाही, तं निकाल कायचा?"

कॉलेजात असताना आमच्या फायनलला अंपायर तेच होते. शेवटचा डाव, आमचा शेवटचा गडी, बरोबरीला एक रन हवी. मी घसरत आलो, धुरळा उडाला, कॅचरचा हात हुकला. आणि माझा पायही पाटीपासून वीतभर लांबून गेला. मला ते कळलं होतं. मावसाजी हात खाली सोडून गप्प उभे. तरी मी उठून नाचायला लागलो, कुणाला कळणार आहे म्हणून! तेवढ्यात कॅचरने मागून येऊन पाठीला चेंडू टेकवला, आणि मावसाजींची मूठ वर गेली. आम्ही हरलो.

"पाय लागला होता माहा!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "दिसत नसंल तं घरी बसा ना!" पोरांनी तक्रारीचा अर्ज केला, अंपायरला नजर नाही म्हणून. पहिली सही माझी. घरचाच माणूस म्हणतो म्हटल्यावर कोण तपासतंय? त्यांना पुन्हा कुठल्याच मॅचला बोलावलं नाही. भाकऱ्या अजून फुगतात, त्यांचे हात मात्र मांडीवरच असतात. ते पाहिलं की मी भाकरी अर्धी टाकून उठतो.

गेल्या महिन्यात सांगूनच टाकायचं ठरवून अनसिंगला गेलो. चहा झाला, सोयाबीनच्या भावावर बोललो, मावशीचे गुडघे झाले. निघताना फाटकात धीर केला. "मावसाजी, त्या फायनलले..."

"हं?"

"...काही नाही. येतो. जय भीम."

लाज वाटते सांगायला, पण एवढंच जमलं. मी गाडीला किक मारली. मागून मावशी म्हणाली, "आवं, पोरगं निंगालं, हात तं हालवा!"

"थांब," मावसाजी म्हणाले. "त्याचा पाय लागाचा हाये अजून."

वळणापर्यंत ते मला आरशात दिसत होते. दोन्ही हात खाली, माझ्यासाठी खेळ अजून चालू ठेवून.