शेवटचं गाणं आवतनाचं

आमचा पहिला अल्बम बाहेर आला त्या सकाळी मी अण्णांची नखं काढत बसलो होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. लकवा मारल्यापासून त्यांचं उजवं अंग गेलेलं आणि बोलणंही गेलेलं. डाव्या हाताची नखं काढताना ते हात आखडून घेतात, म्हणून मी तो गुडघ्याखाली धरून ठेवला होता. फोन सारखा वाजत होता. मी नखं पुरी केली, कागदात गुंडाळून बाहेर टाकून आलो आणि मग फोन घेतला. आमचा गिटारवाला होता. म्हणाला, आलं बघ, ऐक. मी म्हटलं, बरं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षं हाडाची काडं केली ते फोनात येऊन पडलं होतं, आणि माझ्या डोक्यात एवढंच की घरात भाजी नाही, मंडईत जायचंय.

आमचा बँड तिघांचा. गिटारवाला तुळजापुरातल्या पुजाऱ्याच्या घरातला, तहसिलीत कारकून. बेस गिटार वाजवणारा तामलवाडीचा, बौद्ध घरातला, शाळेत मास्तर. त्याच्या वडिलांची भीमगीतांची पार्टी होती, त्या पार्टीतच त्याचा हात तयार झाला. आणि मी संबळवाला. आमचं घर गोंधळ्याचं. कुणाच्या घरी लग्न झालं, जावळ झालं की आम्हाला बोलावणं येतं आणि आम्ही जाऊन देवीचा गोंधळ घालतो. अण्णा आमच्या मेळ्याचे नाईक, म्हणजे हातात दिवटी घेऊन पुढं उभं राहून गाणारे. मी मागं, कमरेला संबळ बांधून. मी कधी गायलो नाही. नाईक असताना दुसऱ्यानं पुढं व्हायचं नसतं, ही आमच्यातली रीत.

बेसवाल्याच्या घरामागं कांदा ठेवायचं पत्र्याचं शेड होतं, तिथं आमचा सराव चालायचा. उन्हात पत्रा तापला की गिटारच्या तारा उतरायच्या आणि संबळाचं कातडं चढायचं. अर्धा वेळ दोघांची समजूत घालण्यातच जायचा. गावातले येऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, ह्ये काय लावलंय, धड गोंधळ न्हाय, धड आर्केस्ट्रा न्हाय. आम्हालाही त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. पुढं इंटरनेटवरच्या पोरांनी त्याला रूट्स रॉक म्हटलं, तेव्हा कळलं की आपण रूट्स रॉक वाजवतोय. घ्या.

रेकॉर्डिंग सोलापुरात झालं. अल्बमात एक अख्खा तुकडा गोंधळाचा घ्यायचा, आणि तो अण्णांनीच गायचा, असं ठरलं होतं. अण्णा इस्त्रीचा अंगरखा घालून, कवड्यांची माळ घालून आले. स्टुडिओवाल्यानं आधीच सांगितलं की आत जाळ चालणार नाही. अण्णांनी दिवटी न पेटवताच हातात धरली आणि गायले. गोंधळाची सुरुवात आवतनानं होते. एकेका गावाचं नाव घ्यायचं, तिथल्या देवाला, तिथल्या देवीला हाक मारायची, आमच्या घरी कार्य आहे, या म्हणायचं. अण्णांना अशी किती गावं पाठ होती देव जाणे. येडशीच्या रामलिंगापासून पार कर्नाटकातल्या देवांपर्यंत कुणाला म्हणून त्यांनी सोडलं नाही. काचेपलीकडं बसलेला स्टुडिओवाला हातातला चहा विसरून गेला.

पण आवतन जसं लांबतं, तसा स्टुडिओचा वेळ काही लांबत नाही. शेवटी देवांना निरोप देण्याचं गाणं असतं. आलात, गोड करून घेतलंत, आता आपापल्या ठिकाणी जा, म्हणायचं. आमच्या घराण्यात ते म्हटल्याशिवाय नाईक दाराबाहेर पाऊल टाकत नाही. त्या दिवशी ते राहिलं. स्टुडिओवाला म्हणाला, पुढची पार्टी दारात उभी आहे, राहिलेलं पुढच्या खेपेला करू. अण्णांनी न पेटवलेली दिवटी फडक्यात गुंडाळली. एसटीत बसल्यावर मात्र मला म्हणाले, "एवढ्यांना बोलवून ठेवलंय. लवकर परत जाऊ बाबा." मी म्हटलं, जाऊ की अण्णा, कुठं पळून चाललंय.

पुढची खेप आलीच नाही. त्याआधीच एका सकाळी अण्णा न्हाणीत पडले. तिथून दवाखाना, तिथून घर, आणि घरातल्या खाटेवर हे असं.

गाण्यांचा क्रम आम्ही शेडमध्ये बसून लावला. गिटारवाल्याचं म्हणणं, सगळ्यात जबर गाणं शेवटी ठेवायचं, म्हणजे ऐकणारा उठताना तेच घेऊन उठतो. सगळ्यात जबर अण्णांचं आवतन, याबद्दल वादच नव्हता. त्यानं ते शेवटी टाकून वाजवून दाखवलं. अण्णांचा आवाज चढत चढत जातो, मग गिटार, मग नुसता संबळ, आणि खट्दिशी सगळं बंद. अंगावर काटा आला. तिघांनीही माना डोलावल्या. एक पुजाऱ्याच्या घरचा, एक गोंधळ्याच्या घरचा, आणि सगळ्या देवांना बोलवून आपण दिवा मालवतोय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

अण्णांच्या ध्यानात मात्र पहिल्याच दिवशी आलं. मी फोन त्यांच्या उशाशी ठेवून अख्खा अल्बम लावला. बाकीची गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. स्वतःचा आवाज आला तसे डोळे उघडले. गाणं संपलं आणि त्यांनी डावा हात वर केला. तो हात मी आयुष्यभर पाठीमागून बघितलेला. नाईकानं हात वर केला म्हणजे संबळवाल्यानं पुढच्या गाण्याला तयार राहायचं. मी म्हटलं, संपलं अण्णा. ते हात वर धरूनच माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं परत ऐकायचंय, म्हणून मी ते परत लावलं. संपलं, परत हात. मग त्यांनी खाटेच्या लाकडावर हात आपटायला सुरुवात केली.

माय चुलीपाशी होती. तिला तिथूनच कळलं. म्हणाली, निरोप मागतेत.

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. दुपारी जेवण भरवून झालं की अण्णा फोनकडं बघायचे, मी अल्बम लावायचो, शेवटी हात वर व्हायचा, मग कंटाळून खाली यायचा. माझा चुलता एकदा भेटायला आला आणि त्यानं हे बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, तू म्हण निरोप, आता नाईक तूच, असं कार्य उघडं ठेवू नये. त्याचं खोटं नव्हतं. मला ते गाणं येत नव्हतं असंही नाही. जन्मापासून ऐकलेलं, झोपेतसुद्धा चुकलं नसतं.

पण चुलता गेल्यावर माय माझ्याजवळ येऊन बसली. तिनं मला आजोबांचं सांगितलं. आजोबा असेच अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांनी अण्णांना पुढ्यात उभं करून निरोप म्हणायला लावलं. अण्णांनी म्हटलं. आजोबांना त्या रात्री गाढ झोप लागली आणि दोन दिवसांत ते गेले.

"त्यांचा जीव त्या गाण्यात अडकलाय," माय म्हणाली. "अडकू दे. म्हणू नगंस."

मी निरोप म्हटला नाही. अल्बम जोरात चालला होता. ओळखीपाळखी नसलेली माणसं थांबवून हात मिळवायची. पानटपरीवर, रिक्षात कुठंही अण्णांचा आवाज कानावर पडायचा. लोक म्हणायचे, काय भाग्य लेका तुझं. मी हसायचो. आत नुसतं बधिर, दाढ काढायच्या सुईनंतर गाल होतो तसं. आपण आनंदात आहोत की दुःखात, हे मला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागायचं.

उमरग्याला आमचा कार्यक्रम झाला. हायवेच्या कडेला मोकळं मैदान, समोर कॉलेजची पोरं, मागं थांबलेले ट्रकवाले. शेवटी अण्णांचा आवाज स्पीकरवर सोडला आणि आम्ही तिघांनी खाली साथ धरली. पोरं वेडी झाली. मी संबळ बडवत होतो, हाताला घाम होता, आणि डोक्यात घरी न्यायच्या औषधाची पट्टी. सगळे पांगल्यावर एक म्हातारी तशीच बसून राहिली होती. मी वायरी गुंडाळत होतो. तिनं मला विचारलं, पुढचं कवा? मी म्हटलं, झालं आज्जी. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं पंगतीतून उठवलंय. मग पदर सावरून उठली आणि गेली.

येताना बेसवाला गाडी चालवत होता. तो देवधर्म मानत नाही, त्याच्या घरात बाबासाहेब आणि बुद्ध. नळदुर्ग मागं पडलं. मग तो म्हणाला, "तुझा देव आला का गेला, मला म्हाईत न्हाय. पण तिकडं म्हातारा हात वर करून बसलाय, तेवढं मला दिसतंय." मी म्हटलं, माय नको म्हणते.

नंतरच्या एका दुपारची गोष्ट. अण्णांनी जेवण धड घेतलं नाही, दोन घास तोंडातच ठेवले. मी अल्बम लावला. शेवटचं गाणं संपलं, हात वर गेला. आणि ह्या वेळी तो खाली येईना. दंड थरथरायला लागला, कपाळावर घाम आला, तरी हात वरच. मी म्हटलं, अण्णा, असू द्या. तुम्ही दमलात. ऐकतील तर ते अण्णा कसले. मी हात धरून खाली घ्यायला गेलो तर त्यांनी हिसडा दिला.

माय भांडी तशीच टाकून आली. खाटेवर त्यांच्या अंगाशी बसली आणि तिनं आपल्या दोन्ही हातांनी त्यांचं कोपर खालून उचलून धरलं. तशीच धरून बसली. बाहेर शेजाऱ्याची मोटर चालू होती. मायनं माझ्याकडं बघितलं नाही. त्यांच्याकडंच बघत म्हणाली, "म्हण आता. हात दुखतोय त्यांचा."

मी उभा राहिलो. दिवटी नाही, संबळ नाही, अंगात घरातला बनियन. पहिल्या ओळीला आवाज फाटला. मग लागला. अण्णांनी जेवढ्यांना बोलावलं होतं तेवढ्यांना, त्याच गावांच्या क्रमानं, एकेकाला मी जा म्हटलं. रामलिंगाला म्हटलं तेव्हा माझ्या गालावरून पाणी यायला लागलं. थांबायचं नसतं म्हणून थांबलो नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला दुखलं, आणि चांगलंच दुखलं. अण्णांचा हात मायच्या हातात हळूहळू जड होत गेला. गाणं संपलं तेव्हा तो खाली होता. मायनं तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला आणि वरून चादर घातली.

गिटारवाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, सोलापूरला जाऊन हे रेकॉर्ड करू, अल्बमला जोडून देऊ. मी नको म्हटलं. ज्यांच्यासाठी म्हणायचं होतं त्यांच्यासाठी म्हणून झालंय.

अण्णांनी त्यानंतर परत अल्बम मागितला नाही. दुपारी जेवले की शांत झोपतात. माय मला वाढायला घेते, भाकरी ताटात ठेवते, आणि कालवण वाढायच्या आधी आत जाऊन त्यांच्या नाकाशी बोट धरून येते.