अँडीजसाठी राखलेली बोटं

आमच्या अँडीजच्या प्रवासाचा पहिला मुक्काम जानेफळातल्या एका रजईच्या दुकानात पडला, आणि तिथून आम्ही महिनाभर हललो नाही.

आधीच सांगून टाकतो, अजून आम्ही गेलेलो नाही. जायचं आहे येत्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागली की. मी गावातल्या शाळेत मास्तर आहे, वय बावन्न, आणि माझी ख्याती अशी की मी दूध आणायला गेलो तरी परत येऊन त्याचे तीन अंक करून सांगतो. माझ्याबरोबर येणार आहे माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो रुई भरून गाद्या आणि रजया शिवतो. त्याचे अब्बा तेच करायचे, आजोबाही तेच. माझ्या बायकोला एसटीत बसल्यावर मेहकर यायच्या आत मळमळायला लागतं. अँडीजच्या घाटांचं नुसतं वर्णन ऐकून तिनं हात जोडले. दोस्ताच्या बायकोनं, म्हणजे आमच्या भाभीनं, एवढंच विचारलं की याला नेऊन परत आणून पोचवायची जबाबदारी कोणाची. मी म्हटलं माझी. मग ती म्हणाली, घेऊन जा, महिनाभर घरात शांतता राहील. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं बापाचा खर्च आधीच अंगावर घेतला होता.

खूळ अर्थातच माझं. टूरवाल्याच्या झेंड्यामागे धावायचं नाही, आपणच रस्ता ठरवायचा, आपणच बस पकडायची, आपणच चुकायचं. दोस्त आधी नुसता हसायचा. मग एक दिवस मी त्याला मोबाइलवर तिकडचा एक व्हिडिओ दाखवला. डोंगराच्या पाठीवर एक बाई अल्पाका चारत होती. अल्पाका म्हणजे मेंढी आणि उंटानं आपसात ठरवून केल्यासारखं जनावर, पण अंगावर अशी लोकर की पाहतच राहावं. दोस्तानं सुई खाली ठेवली, फोन हातात घेतला आणि त्या लोकरीवर अंगठा फिरवला. व्हिडिओ थांबला. त्यानं पुन्हा फिरवला.

"पाह्याचं नाई मले," तो म्हणाला. "हात लावाचा हाये."

झालं. दुसऱ्या दिवशी मी दक्षिण अमेरिकेचा मोठा नकाशा आणून त्याच्या दुकानाच्या भिंतीवर ठोकला आणि शेजारी माझा कार्यक्रम लावला. तीस दिवस, तेवीस गावं. कीटोपासून सँटियागोपर्यंत. रजई टाकायला आलेल्या गिऱ्हाइकांना मी पट्टी घेऊन समजावायचो की टिटिकाका नावाचं तळं किती उंचावर आहे. आपलं बुलढाणा म्हणजे थंड हवेचं ठिकाण म्हणून आपण मिरवतो ना, तर त्या बुलढाण्यावर बुलढाणा अशी सहा बुलढाणी एकावर एक रचा, वर जे येईल तिथं हे तळं. लोक वर छताकडे बघायचे. एक जण मला म्हणाला, मास्तर, मग तिथलं पाणी आपल्या धरणात सोडता येत असलं तर पाहा.

दसरा झाल्यावर आम्ही दोघं पासपोर्टसाठी बुलढाण्याला गेलो. माझं काम दहा मिनिटांत आटोपलं. बोटं काचेवर ठेवली, हिरवा दिवा, पुढे चला. मग दोस्तानं बोटं ठेवली. लाल दिवा. खिडकीवरच्या मुलीनं काच पुसली, मग ओल्या फडक्यानं त्याची बोटं पुसायला दिली, मग एकेक बोट स्वतः धरून टेकवून पाहिलं. पोरगी भली होती.

"काका," ती शेवटी म्हणाली, "रेघाच येत नाहीत हो."

आम्ही तिघांनी त्याची बोटं पाहिली. चाळीस वर्षं सुई ढकलून आणि दोरा ओढून ती नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती. अंगुस्ताना, म्हणजे शिवताना बोटावर घालायची ती टोपी, तो कधी घालत नाही, त्यातून रुई कळत नाही म्हणतो. मुलीनं सांगितलं की एक महिना हाताला पूर्ण आराम द्या, रोज तेल चोळा, रेघा परत येतात, मग या. तिच्या आवाजात आशा होती. पण दिवस दसऱ्यानंतरचे होते. थंडीच्या तोंडावर रजईवाल्यानं महिनाभर सुईला हात लावायचा नाही, म्हणजे मास्तरानं परीक्षेच्या महिन्यात खडूला हात न लावण्यासारखं. त्यात डोणगावच्या एका घरचं लग्न होतं आणि नवरीच्या रजया त्यानं कबूल केलेल्या होत्या. गावात हातानं शिवणारा दुसरा कोणी उरलेला नाही.

परतीच्या बसमध्ये त्यानं आमची दोन तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "तू जा. तिथं त्या जनावराले हात लावून पाह्यजो, अन् मले सांगजो कसं वाटते ते."

आता बघा, मी सांगणारा माणूस. बर्फ न बघता मी पोरांना बर्फ शिकवलाय आणि पोरांनी स्वेटर घातलेत. पण डोळे मिटून चिमटीत रुई धरायची आणि ती यंदाची की मागल्या सालची, पहिल्या वेचणीची की शेवटच्या, हे सांगायचं, असलं ज्याचं बोट आहे त्याला मी परत येऊन काय सांगणार होतो? मऊ आहे म्हणून? तो नसेल तर मला तिकडे जाण्यात काही राम नाही, हे मला त्या बसमध्ये कळलं. आणि खरं सांगू का, एकट्यानं जायची हिंमतही नव्हती. ती मी वर्षभर पट्टीच्या मागे लपवली होती.

मी म्हटलं, तुझ्या रजया मी शिवतो.

तो इतका हसला की पुढच्या सीटवरची बाई मागे वळली. पण भाभी हसली नाही. घरी गेल्यावर तिनं सगळं ऐकून घेतलं, खोबरेल तेलाची बाटली आणली, नवऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले आणि मुलाचे जुने सुती मोजे त्यांच्यावर चढवले. मला म्हणाली, "भाऊ, उद्यापासून शाळा सुटली का इकडं याचं. तुम्ही एक बाजू, म्या एक बाजू. याच्या हातात चहाचा कपही देऊ नका."

तेव्हापासून दुकानाचं दृश्य असं. जमिनीवर रजई पसरलेली. एका कडेला भाभी, तिचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. दुसऱ्या कडेला मी, माझे टाके शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे. आणि मधे मालक, हातात पांढरे मोजे, येरझाऱ्या घालतोय. गिऱ्हाईक विचारायचं, काऊन, भाजलं का? तो म्हणायचा, नाई, मास्तरनं अटक केली.

रिकाम्या माणसाचं लक्ष कुठे तरी जाणारच. त्याचं गेलं भिंतीवरच्या माझ्या कार्यक्रमाकडे. दोन दिवस त्यानं तो नुसता वाचला. तिसऱ्या दिवशी मोजा कागदावर टेकवून म्हणाला, "मास्तर, हा प्रवास नाई, हा रुईचा बोरा हाये. कोंबला तू. रुई कोंबली का रजई दगड होते, ऊब नाई येत. मंधात हवा राह्यली पायजे. ऊब त्या हवेची असते, बे."

मी म्हटलं, तेवीस गावं काढायला मला वर्ष लागलंय. तो म्हणाला, तुले दुनिया दाखवाची हाये का मले पाहू द्याची हाये? भाभी दोरा तोडता तोडता हसली. मी सुई बोटात टोचून घेतली आणि वही उघडली.

मग तो सांगत गेला आणि मी टाके टाकता टाकता थांबून थांबून लिहीत गेलो. रजईचे आधी चार काठ पक्के करतात, मग मधे शिरतात. तसं त्यानं आधी उतरायच्या गावचे चार दिवस पक्के केले, छातीला त्या हवेची सवय व्हावी म्हणून. मग निघायच्या आधीचे तीन दिवस पक्के केले, बस बंद पडली तरी विमान चुकू नये म्हणून. कीटो गेलं. सँटियागो गेलं. कुस्को राहिलं, टिटिकाका राहिलं, ला पाझ राहिलं. मैलोन् मैल मीठच पसरलेलं ते मिठाचं मैदान, तेही जाईल म्हणून मी भीत भीतच वाचलं, पण त्यानं विचारलं की ते पिंजलेल्या कापसासारखं पसरलं असतं का, आणि ठेवून घेतलं. अल्पाका चारणाऱ्यांच्या डोंगरातल्या एका गावाला त्यानं आठ दिवस दिले. आणि मधे नऊ दिवस अशी जागा सोडली की तिथं मला काहीही लिहू देईना. मी घाबरलो. रंगमंचावर समोरच्यानं वाक्य विसरावं आणि पडदाही पडू नये, तसे ते नऊ दिवस माझ्याकडे बघत होते. कुठे उतरायचं, काय खायचं? तो म्हणाला, जिथं बरं वाटलं तिथं त्यातले देऊ.

कबूल करतो, कार्यक्रम सुंदर झाला होता. माझा कधीच इतका सुंदर नव्हता.

महिना भरायला चार दिवस उरले होते. रविवार होता, मी सकाळीच दुकानात गेलो. डोणगावच्या लग्नाची मोठी रजई अंथरलेली होती. लाल साटीन, आणि तिच्यावर आदल्या दिवशीची माझी शेवटची ओळ. ती ओळ मी तिरपी टाकली होती, मला माहीत होतं. आता ती सरळ होती. नुसती सरळ नाही, टाका न् टाका सारखा. मी भाभीकडे पाहिलं. भाभी एकदम केर काढायला लागली.

दोस्तानं स्वतःच सांगितलं. रात्री मोजे काढून एकच ओळ उसवून पुन्हा शिवली होती म्हणे.

"तो टाका मले बसू देत नव्हता," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नाची रजई हाये. चाळीस वर्षं पांघरन ती. तुह्या अमेरिकेपायी तिले तिरपी देऊ काय?"

माझ्याकडे मोठं भाषण तयार होतं. चार दिवस राहिले असताना, एका ओळीसाठी, वगैरे. हातवारेसुद्धा तयार होते. पण मी त्या लाल साटीनकडे पाहिलं आणि माझ्या उरलेल्या सहा ओळी मला दिसल्या. कोणाची तरी पोरगी थंडीत त्या अंगावर ओढून घेणार होती. मी खाली बसलो आणि एकेक ओळ उसवायला घेतली. भाभी केरसुणी ठेवून माझ्या बाजूला येऊन बसली. तो समोर उकिडवा बसून सांगत होता, आता बारीक, आता ओढ, इतकं नाई, सोड. चार दिवस आम्ही तेच केलं. त्यानं मोजे काढले नाहीत.

पुन्हा बुलढाणा, तीच खिडकी, तीच मुलगी. डाव्या हाताची चार बोटं, हिरवा. उजव्या हाताची चार बोटं, हिरवा. डावा अंगठा, हिरवा. उजवा अंगठा, ज्यानं ती ओळ शिवली होती तो, लाल. पुन्हा लाल. मुलीनं काच पुसली.

"काका, दाबू नका," ती म्हणाली. "नुसता ठेवा, आणि श्वास सोडा."

त्यानं श्वास सोडला. मीही सोडला. हिरवा दिवा लागला तेव्हा मी टाळी वाजवणार होतो, पण त्यानं मला कोपरानं थांबवलं आणि मुलीला विचारलं, पोरी, तो पडदा जरा इकडं करतं का. तिनं संगणक वळवला. त्यावर त्याचा अंगठा होता, ताटाएवढा, मधे एक भोवरा आणि भोवती रेघाच रेघा. एका जागी पुसट होत्या, पण होत्या. मागे रांगेतले लोक खाकरायला लागले. तो बघतच राहिला.

"अब्बांच्या हातावर म्या कधी रेघा पाह्यल्या नाई," तो मला हळूच म्हणाला. "मले वाटे, आपल्या घरात कोणाले नसतीनच."

बसमध्ये तो खिडकीशी बसला, दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवलेले, काही तरी सांडू नये म्हणून धरल्यासारखे. कंडक्टर आला. दोस्तानं हात हलवले नाहीत.

"माह्या खिशातून पैसे काढ," तो मला म्हणाला, "दोन जानेफळ."